सोसायटीच्या संगणकाची नवी मांडणी

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील दोन डोंगरी तालुके होत. वेल्ह्यास आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे. तथापि बाजारात व एस. टी.च्या थांब्यावर जुने नाव अजून चालते. रोपवाटिकेची जमीन तयार झाली आणि मृगाची चाहूल लागली, की येथील भातउत्पादकाचे पाऊल खत, बियाणे व पीककर्ज यांसाठी विविध कार्यकारी सोसायटीकडे वळते. नेमक्या याच दिवसांत हिर्डोशी खोऱ्यात आणि केळद-पासलीच्या बाजूस वळवाच्या वादळांमुळे विजेचा खेळखंडोबा सुरू होतो. दिवसातून चार वेळा वीज जाते, चार वेळा येते, आणि एखाद्या सकाळी कार्यालयातील संगणक सुरूच होत नाही. पडद्यावर इंग्रजीतील चार ओळी उमटतात, यंत्र आपोआप बंद होते, पुन्हा सुरू होते व पुन्हा त्याच ओळी दाखविते. सचिव यंत्र उचलून नसरापूरला किंवा भोरला नेतात. दुरुस्ती करणारा दहा मिनिटे पाहतो व म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

या वाक्यास मान डोलविण्यापूर्वी सचिवांनी व संचालक मंडळाने थोडे थांबावे. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यास तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. परतफेड कोणत्या दिवशी झाली याची नोंद हा त्या लाभाचा आधार असतो. ती नोंद सोसायटीच्या संगणकातून पुसली गेली व तिची दुसरी प्रत कोठेही नसली, तर शेतकऱ्यास पावती शोधत घरातील ट्रंका उपसाव्या लागतात. पावती पावसात भिजून गेली असेल, तर त्याची काय स्थिती होते ते सांगावयास नको.

प्रथम काय जाते व काय जात नाही हे स्पष्ट असावे. सातबारा उतारा व फेरफार यांच्या नोंदी गावातील संगणकात राहत नाहीत. त्या महसूल विभागाच्या दूरच्या संगणकांवर असतात, आणि गावातले यंत्र बिघडले म्हणून त्यांना धक्का लागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना २,५१६ कोटी रुपये खर्चास मान्यता देऊन मंजूर केली. त्या योजनेखाली ज्या सोसायट्यांचे व्यवहार समान सॉफ्टवेअरवर गेले, त्यांच्या नव्या नोंदीही दूरच्या संगणकावर सुरक्षित राहतात. परंतु त्यापूर्वीच्या वर्षांचे हिशेब, सभांची इतिवृत्ते, सभासदांचे अर्ज, पीकनुकसानीची छायाचित्रे, तालुक्याच्या कचेरीस पाठविलेली पत्रे हे सारे कार्यालयातील यंत्राच्या पोटातच असते. जे जाण्याची भीती आहे ते हेच.

चकती आणि तिची अनुक्रमणिका

संगणकाची दीर्घकाळची स्मृती ज्या भागात असते त्यास हार्ड डिस्क म्हणतात. १९५६ साली आयबीएम कंपनीने अशी पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, ती सुमारे ५० लाख अक्षरे साठवीत असे, आणि वजन एक टनाहून अधिक होते. आजची डिस्क तळहातावर मावते व त्याच्या लाखपट मजकूर साठविते. काम मात्र तत्त्वतः तेच. चुंबकीय थर दिलेली चकती वेगाने फिरते व एक बारीक टोक तिच्यावर मजकूर लिहिते अथवा वाचते. नव्या यंत्रांत फिरत्या चकतीऐवजी एसएसडी ही इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

या डिस्कवर दोन गोष्टी असतात, मजकूर आणि मजकूर कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका. 'फॉरमॅट' या शब्दाचा नेहमीचा अर्थ ही अनुक्रमणिका नव्याने कोरी करणे एवढाच आहे. गावचा नकाशा व गटांची नोंदवही फाडून टाकली, तरी शेते जागच्या जागी राहतात. फक्त कोणते शेत कोणाचे हे सांगता येत नाही. द्रुत फॉरमॅटने डिस्कचे असेच होते. जुना मजकूर चकतीवर पडून राहतो, पण संगणकाच्या लेखी सारी जमीन मोकळी असते. मग त्या मोकळ्या वाटणाऱ्या जमिनीवर नवी कार्यप्रणाली घातली जाते आणि नवा मजकूर जुन्याच्या जागी लिहिला जातो. ज्या खाचरात नवी लावणी झाली तेथील जुने पीक परत येत नाही. म्हणून चुकून फॉरमॅट झाल्याचे ध्यानात येताच यंत्र बंद करावे व त्यावर पुढे काहीही लिहू देऊ नये; तज्ज्ञाकडे नेल्यास फिरत्या चकतीवरील बराचसा मजकूर परत मिळण्याची आशा असते. एसएसडीच्या बाबतीत ही आशा फार थोडी आहे, कारण मोकळी ठरलेली जागा ती स्वतःच अल्पावधीत साफ करून टाकते.

पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी. त्यात सबंध चकतीवर शून्ये लिहिली जातात व खराब झालेल्या जागा वेगळ्या काढल्या जातात. यास काही तास लागतात. यानंतर जुना मजकूर मिळण्याची अपेक्षा धरू नये.

फॉरमॅटची खरोखर गरज आहे काय?

पुष्कळ वेळा ती नसते. डोंगरपट्ट्यातील दमट हवेने स्मृतिपट्टीच्या, म्हणजे रॅमच्या, पितळी रंगाच्या कडा काळवंडतात व यंत्र सुरू होत नाही. यंत्राची वीज तोडून, पट्टी काढून, कडा साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसविल्यास ते अनेकदा सुरू होते. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत, सही चालत नाही, आणि पाहणाऱ्यास वाटते की यंत्रात विषाणू शिरला. अल्प किमतीची बॅटरी बदलून जे काम होते, त्यासाठी दहा वर्षांचे दप्तर पुसावयास निघणे शहाणपणाचे नव्हे. कार्यप्रणाली असलेला 'सी' विभाग काठोकाठ भरणे हेही यंत्र मंदावण्याचे एक कारण आहे.

कार्यप्रणालीच बिघडली असेल, तर विंडोजमध्ये 'रिसेट' ही सोय आहे. तिच्यात 'माझ्या फाइली ठेवा' असा पर्याय मिळतो. वैयक्तिक फाइली राहतात, मात्र बाहेरून घातलेली सॉफ्टवेअरे निघून जातात. हा उपाय प्रथम करावा. पण तोही प्रत काढल्यावाचून करू नये.

डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर तो यंत्रभागाचा बिघाड समजावा. अशा डिस्कला फॉरमॅट हा उपायच नव्हे. ती चालू ठेवण्याच्या प्रत्येक मिनिटास नुकसान वाढते. वीज बंद करून डिस्क बदलावी, आणि जुन्या डिस्कवरील मजकूर मोलाचा असेल तर तो काढण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

प्रत काढणे

सर्व कामात हेच काम मोठे आहे, व याच कामात सर्वांत घाई केली जाते. दुरुस्ती करणारा विचारतो, "काही महत्त्वाचे आहे का?" आणि सचिव म्हणतात, "डेस्कटॉपवरचे तेवढे घ्या." हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मजकूर डेस्कटॉपवर कधीच नसतो. तो 'सी' विभागाच्या आत, त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, काही वेळा दिसू नये अशा रीतीने ठेवलेला असतो. यंत्र अद्याप सुरू होत असेल, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील 'बॅकअप' या आज्ञेनेच प्रत घ्यावी. चालू असलेले खाते नुसते उचलून दुसरीकडे ठेवल्यास ती प्रत अर्धवट निघण्याचा संभव असतो. त्याच वेळी डाउनलोड, डॉक्युमेंट्स व चित्रांचे फोल्डर, ईमेलचा साठा, ब्राउझरमधील जतन केलेले पत्ते व परवलीचे शब्द, आणि यंत्रात कोणकोणती सॉफ्टवेअरे आहेत याची यादी घ्यावी. या यादीचे मोबाइलवर एक छायाचित्र काढले तरी पुरते.

यंत्र सुरूच होत नसेल, तरी मजकूर गेला असे समजू नये. डिस्क बाहेर काढून ती दुसऱ्या संगणकास जोडता येते. किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालवून आतील फाइली पाहता व उचलता येतात. हे काम पदरचे दोनशे-चारशे रुपये जास्त देऊनही करून घ्यावे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते. ती आधी कागदावर उतरवून ठेवली नसेल, तर डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडूनही काही दिसत नाही.

प्रती दोन काढाव्यात. एक कार्यालयाच्या कपाटात व दुसरी दुसऱ्या गावी असावी. 'डी' विभागात ठेवलेली फाइल ही प्रत नव्हे. तो एकाच कणगीचा दुसरा कप्पा आहे, आणि कणगीस आग लागली तर दोन्ही कप्पे जळतात. वेल्हे तालुक्यातील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील घरे व दुकाने, त्यांतील वह्या-दप्तरांसह, काही तासांत पाण्याखाली गेली. शेजारच्या खोलीत ठेवलेली नक्कल त्या दिवशी मूळ प्रतीइतकीच भिजली असती.

प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रती काढण्याची व्यवस्था संस्थेत होती, परंतु ती नीट चालत नसल्याचे तेव्हा उघडकीस आले. तान्ह्या मुलामुळे घरून काम करणाऱ्या एका संचालिकेने आपल्या घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती, तिच्यावरून काम वाचले. एवढ्या मोठ्या संस्थेत असे घडते, तर डोंगरातील सोसायटीने प्रत उघडून पाहण्याचा पाव तास वाचवू नये.

मराठी अक्षरांचा प्रश्न

येथे एक अडचण अशी येते की जिची कल्पना परप्रांतीय पुस्तकांतून मिळत नाही. आपल्या कार्यालयांतून जुना मराठी मजकूर पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या श्रीलिपीत, अथवा सी-डॅक या पुण्यातील संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरने टंकलिखित झालेला आढळतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे आतून रोमन अक्षराच्याच जागी बसविलेले असे. नव्या मांडणीनंतर तो फॉन्ट यंत्रात नसला, की वीस वर्षांची इतिवृत्ते रोमन अक्षरे व विचित्र चिन्हे यांच्या गचाळ ओळी होऊन समोर येतात. अनेकांना वाटते की फाइल नासली, आणि ते ती काढून टाकतात. फाइल नासलेली नसते. तिचा फॉन्ट पुन्हा घातला की शब्द जागच्या जागी उभे राहतात.

यासाठी फॉरमॅटपूर्वी विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची प्रत घ्यावी, फॉन्टच्या मूळ सीडी व पावत्या हुडकून ठेवाव्यात, आणि ते सॉफ्टवेअर चालण्यास लागणारी छोटी किल्ली, जिला डोंगल म्हणतात, यंत्राच्या पाठीमागे लावलेली असल्यास ती काढून जपावी. ती दुरुस्तीच्या दुकानात हरवल्यास सॉफ्टवेअर घालूनही उपयोग होत नाही. सवड होईल तसा जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. तो कोणत्याही यंत्रावर व मोबाइलवरही वाचता येतो.

प्रत्यक्ष मांडणी

नवी कार्यप्रणाली घालण्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागतो. दुसऱ्या चालू यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून साधन उतरवून तो तयार करावा. या वेळी पेन ड्राइव्हवरील सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून ज्यावर प्रत काढली तोच पेन ड्राइव्ह यासाठी वापरू नये. असे करणारे लोक आहेत. दुकानातील 'सर्व काही असलेला' फुकट पेन ड्राइव्ह नको म्हणावे. त्यातील कार्यप्रणाली कोणी व कशी फोडली हे कोणास ठाऊक नसते, आणि तिच्यावर सभासदांचे बँक-खाते व आधार क्रमांक हाताळावयाचे असतात. विंडोज १० अथवा ११ ज्या यंत्रावर रीतसर चालत होते, त्याच यंत्रावर ते पुन्हा घातल्यास इंटरनेट लागताच परवाना बहुधा आपोआप ओळखला जातो. नवा विकत घ्यावा लागत नाही.

येथे एका नव्या गोष्टीचा विचार करावा लागतो. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा व टीपीएम २.० हा सुरक्षा-भाग लागतो; जुन्या यंत्रांत तो पुष्कळदा नसतो. अशा यंत्रावर केवळ पत्रलेखन व संकेतस्थळांचे काम असेल, तर उबुंटू अथवा सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्सवर आधारलेली मोफत कार्यप्रणाली घालता येते. मात्र हिशेबाचे सॉफ्टवेअर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र व डिजिटल सही तिच्यावर चालते की नाही याची खात्री आधी करून घ्यावी. नंतर विचारण्यात अर्थ नाही.

मांडणीचा दिवस स्वच्छ हवेचा निवडावा. यंत्र यूपीएसवर ठेवावे. लॅपटॉप असल्यास पूर्ण भारित करून चार्जर लावलेला असावा. काम अर्ध्यावर असता वीज गेली तर ते पहिल्यापासून करावे लागते. पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना एफ १२, एफ २, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक कळ दाबावी लागते. कोणती ते यंत्राच्या बनावटीवर ठरते.

पुढे डिस्कच्या विभागांची यादी दिसते, आणि येथे हात थांबला पाहिजे. प्रत काढलेली बाहेरची डिस्क जोडलेलीच राहिली असेल, तर तीही याच यादीत दिसते आणि घाईत तीच पुसली जाते. म्हणून यंत्राच्या पोटातील डिस्कखेरीज सर्व काही आधी सोडवून ठेवावे. त्यानंतर कार्यप्रणालीचा विभाग निवडून फॉरमॅट करावा व मांडणी चालू द्यावी. यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. 'सी' व 'डी' असे दोन विभाग ठेवून दप्तर 'डी' मध्ये ठेवल्यास पुढच्या खेपेस 'सी' तेवढा पुसून भागते.

दप्तर परत बसविणे

मांडणी होताच प्रथम सुरक्षा-दुरुस्त्या उतरवाव्यात. त्या आकाराने मोठ्या असतात. ज्या गावी मोबाइलचे जाळे क्षीण आहे तेथील यंत्र भोर किंवा नसरापूर येथेच हे काम उरकून मगच गावी न्यावे. नंतर प्रिंटर व ठसे घेणारे यंत्र यांची चालक-सॉफ्टवेअरे घालावीत. ठशांच्या यंत्रास त्याची आरडी सेवाही लागते. डिजिटल सही तिच्या यूएसबी टोकनमध्येच असते, ती फॉरमॅटने जात नाही. फक्त टोकन ओळखणारे सॉफ्टवेअर पुन्हा घालावयाचे असते. प्रतीवरील फाइली विषाणूसाठी तपासून घेतल्याशिवाय आत आणू नयेत. अन्यथा ज्या तणासाठी शेत नांगरले त्याचेच बी पुन्हा पेरल्यासारखे होईल.

दप्तर परत आले की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, हिशेबाने ठरवावे. फॉरमॅटपूर्वी यंत्र चालू असेल तर तेरीज व सभासदनिहाय कर्जबाकीची यादी कागदावर छापून घ्यावी. नव्या मांडणीनंतर तीच दोन पत्रके पुन्हा छापून ओळीओळीने ताडून पाहावीत. शिवाय पाच-सात सभासदांना पासबुकासह बोलावून त्यांची शेवटची परतफेड, तारखेसह, मिळवून पाहावी. जुन्या पिढीचे सचिव कीर्द व खतावणी जुळल्याखेरीज दिवा मालवीत नसत. यंत्र आले म्हणून ती रीत सोडण्याचे कारण दिसत नाही. पैशाचा फरक आढळल्यास नवी नोंद एकही न करता प्रतीकडे परत जावे. एक दिवसाचे व्यवहार वर चढले की फरक शोधणे दुप्पट कठीण होते.

काढून टाकलेल्या जुन्या डिस्कचाही बंदोबस्त करावा लागतो. ती भंगारात देताना द्रुत फॉरमॅट पुरेसा नाही, याचे कारण वर आलेच आहे. सभासदांचे आधार क्रमांक व खाते क्रमांक तिच्यावर तसेच असतात. पूर्ण फॉरमॅट करावा. तो होत नसल्यास चकतीस गिरमिटाने दोन-तीन आरपार भोके पाडावीत. एसएसडी असल्यास तिच्या उत्पादकाने दिलेल्या साधनाने ती साफ करावी.

या सर्व कामास योग्य काळ म्हणजे मार्चअखेरचा ताळेबंद पुरा झाल्यावर, एप्रिलचा उत्तरार्ध व मेचा पहिला पंधरवडा. त्या वेळी कार्यालयात गर्दी नसते आणि दुरुस्तीच्या दुकानांतही निवांतपणा असतो. ज्या सोसायट्यांची यंत्रे जुनी झाली आहेत त्यांनी बिघाडाची वाट न पाहता त्याच सुमारास मांडणी करून घ्यावी, आणि रोहिणी लागण्यापूर्वी दुसरी प्रत परगावी पोहोचती करावी.